जुन्नरची पेठ आणि नाणेघाटाची वाट

जुन्नरला चाललोय असं सांगितलं की समोरच्याचा एकच प्रश्न येतो, ‘शिवनेरी का?’ गड चढायचा, शिवजन्मस्थानाचं दर्शन घ्यायचं, खाली येऊन मिसळ खायची आणि दिवेलागणीला परत फिरायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. गावात शिरायचं कारणच उरत नाही. आम्हाला मात्र गावातच जायचं होतं. आत्याच्या शाळेतल्या एक बाई निवृत्तीनंतर आपल्या मूळ गावी, जुन्नरला, राहायला गेल्या. ‘रविवार धरून या, बाजार दाखवते,’ असा त्यांचा कधीपासूनचा लकडा होता. या फेब्रुवारीत तो योग आला.

शनिवार

कल्याणहून सुटलेली एसटी मुरबाडपर्यंत रखडत, थांबत, माणसं गिळत आणि ओकत चालते. टोकावडे मागे पडलं की उजवीकडे सह्याद्रीची भिंत सरळ अंगावर येते. वैशाखऱ्याशी आत्याने खिडकीतून बोट दाखवलं. ‘तो बघ नानाचा अंगठा. त्याच्या बगलेतून नाणेघाट.’ खालून तो कडा खरंच मूठ वळून अंगठा वर केल्यासारखा दिसतो.

आम्ही कल्याणचे, म्हणून मला या वाटेचं जरा जास्तच कौतुक. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) बंदरात उतरलेला माल याच घाटाने वर चढायचा, जुन्नरच्या पेठेत खाली व्हायचा आणि तिथून पैठण-तेरकडे जायचा. उलट दिशेने देशावरचा माल बंदरात उतरायचा. आजचा डांबरी रस्ता माळशेजमधून जातो. नाणेघाटातून गाडीरस्ता कधी झालाच नाही, आणि जुन्नरचं पुढे जे काही झालं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत या प्रवासात पक्कं झालं.

फेब्रुवारीतल्या माळशेजबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. धबधबे आटलेले, गवत पिवळं, दोन-चार गाड्या थांबलेल्या आणि कणसं भाजणारा एकटाच. वर आल्यावर मढ, मग बनकर फाटा. तिथे जुन्नरची गाडी मुख्य रस्ता सोडते आणि गणेश खिंडीत चढते. खिंड ओलांडली की कुकडीचं खोरं एका नजरेत मावतं. समोर शिवनेरीचा लांबट कातळ, त्याच्या कुशीत गाव, अलीकडे नदीची हिरवी रेघ. उसाचे फड, कांद्याची वाफे पाडलेली शिवारं, द्राक्षांचे मांडव. या तालुक्याच्या आसपास कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. त्यामुळे बाईंनी आम्हाला घरात घेतल्या घेतल्या पहिला नियम सांगितला, ‘अंधार पडला की मळ्याच्या बाजूला जायचं नाही. दिवे असतील तिथेच फिरायचं.’ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. गावात ही गोष्ट पावसापाण्याइतकी सहज बोलली जाते.

बाईंचं घर जुन्या पेठेत. खाली भाड्याने दिलेलं दुकान, वर राहती जागा, मधे सागवानी जिना इतका उभा की आत्याने आधी पिशव्या वर पाठवल्या आणि मग स्वतः. संध्याकाळी पेठेतून चक्कर मारली. फळ्या लावून बंद होणारी दुकानं आता थोडीच उरलीत, बाकी शटर. पण रस्त्याची वळणं जुनी आहेत: समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीने मागे घ्यावं इतपत रुंद. मधेच एखाद्या वाड्याची घडीव दगडाची जोती, त्यावर नवीन विटा, त्यावर मोबाइलच्या कंपनीचा फलक.

कागद्यांची वस्ती कुठे होती, हे मी दोघातिघांना विचारलं. जुन्नरात हातकागद व्हायचा. चिंध्या आणि गोणपाट भिजवून, कुटून त्याचा लगदा करायचा, चाळणीवर उचलून ताव काढायचे, भिंतीवर वाळवायचे आणि घोटून गुळगुळीत करायचे. पेशवाईच्या दप्तरात जुन्नरी कागद असायचा. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. एका वयस्कर चाचांनी गल्ली दाखवली, पण गल्लीत आता फॅब्रिकेशनचं दुकान आहे.

रविवार

सकाळी साडेसातला बाई पायांत चपला घालून तयार. ‘उशीर केला तर भाजी मिळेल, बाजार नाही मिळणार,’ म्हणाल्या. आठवडे बाजाराचा खरा रंग पहिल्या दोन तासांतच दिसतो हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हा विकणारे एकमेकांशी बोलत असतात, भाव अजून ठरायचा असतो.

पश्चिम पट्ट्यातले, म्हणजे आपटाळे, चावंड, घाटघरकडचे महादेव कोळी शेतकरी पहिल्या गाड्यांनी उतरतात. त्यांच्याकडे तांदूळ, नाचणी, वरई, कुळीथ आणि पांढरे-काळे वाल. पूर्वेकडून कांदा, हरभरा, गहू, द्राक्षं. एकाच तालुक्यात पश्चिमेला घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस आणि पूर्वेला जेमतेम भिजवणारा, म्हणून दोन्हीकडचं धान्य बाजारात शेजारी शेजारी बसतं. हिरड्याचं एक छोटं पोतंही दिसलं, गेल्या साली वाळवलेला. हिरड्याचा खरा हंगाम उन्हाळ्यात. पश्चिमेकडच्या कित्येक घरांचा वर्षाचा रोख पैसा त्याच्यावर येतो, असं विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं आणि एक हिरडा माझ्या हातावर ठेवला. चघळून बघितला. तुरट म्हणजे काय हे तोवर मला नीट कळलं नव्हतं.

सुक्या मासळीची ओळ वासावरूनच सापडते. बोंबील, सुकट, बांगडे, वाकट्या. किनाऱ्यापासून इतक्या आत, घाटावर, मासळीची एवढी मोठी ओळ का, असं मनात आलं आणि उत्तर लगेच मिळालं. मीठ आणि मासळी घाट चढून येणार, धान्य घाट उतरणार. पूर्वी बैलाच्या पाठीवरून, आता टेम्पोतून.

मग बुरूड. हा बाजारातला माझ्या आवडीचा कोपरा ठरला, आणि आम्ही तिथे बराच वेळ बसलो. सुपं, रोवळ्या, परड्या, टोपल्या, कोंबड्या झाकायची डाली. एक बाई मांडी घालून सूप पुरं करत होती. कोयत्याच्या धारेवर बांबूची ओली कामटी उभी धरायची, अंगठ्याने मागून रेटायची, की एकीच्या दोन होतात. पुन्हा रेटलं की दोनाच्या चार. हिरव्या सालीची बाजू वर ठेवायची, कारण तीच झिजत नाही. विणीतली प्रत्येक कामटी ती नखाने ढकलून शेजारणीला घट्ट बसवत होती. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, त्यावर पट्टी. शेवटी तोंडाची कड आली. तिथे जाड कांब वाकवून आत-बाहेर दोन्हीकडून दाबायची आणि तारेने टाचायची. ‘पूर्वी तार नसायची. वाखानं बांधायचो. आता वाख कोण वळतंय?’

आत्याने विचारलं, ‘सूप कसं दिलं, बाई?’

‘दोनशे, आजी.’

‘दोनशे? अगं, सूप घ्यायचंय, छप्पर नाही शाकारायचं.’

‘मग हे प्लॅस्टिकचं घ्या तिकडून ऐंशीला. त्यात पाखडलं की खडा जातोय का तांदूळ, ते तुमचं तुम्ही बघा.’

शेवटी एकशे ऐंशीला सौदा झाला. सूप मिळालं, वर एक परडी मिळाली. आत्या पुढे दोन ओळी चालेपर्यंत खुशीत होती. मग बाई म्हणाल्या, ‘मी असते तर दीडशेला घेतलं असतं,’ आणि दोघी माजी शिक्षिकांचं त्यावरून बिनसलं ते रसवंतीच्या गुऱ्हाळापर्यंत.

दहा वाजेपर्यंत गर्दी फुलली. पण बाईंच्या शेजारच्या दुकानदार काकांनी जे सांगितलं ते गर्दीत दिसत नाही. मोठा व्यापार इथून कधीच उठला. टोमॅटो नारायणगावला, कांदा ओतूर आणि आळेफाट्याला. दोन्हीकडून मोठे रस्ते जातात: नारायणगाव आणि आळेफाटा पुणे-नाशिक महामार्गावर, ओतूर माळशेजच्या रस्त्यावर. जुन्नर मधे, आत, बाजूला पडलं. ‘गाडी वळवून आत कोण येणार?’ काका म्हणाले. नाणेघाट चालू होता तोवर जुन्नर रस्त्यावर होतं. बोरघाटातून आणि कसाऱ्यातून रेल्वे वर चढली, त्यानंतर नाशिकचा हमरस्ता नारायणगावावरून रुळला, आणि दोन हजार वर्षांची पेठ तालुक्याचा आठवडे बाजार होऊन बसली. नारायणगावला आज टोमॅटोचा हंगाम असतो, तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या दिल्या-घेतल्या जातात. बाजार रस्त्याच्या मागे जातो, त्याला गावाचं प्रेम नसतं. पण गावाला असतं, असं काकांकडे बघून वाटलं. ते भल्या पहाटे दुकान उघडतात.

दुपारी उन्हं कलल्यावर हापूसबागेकडे सौदागर घुमटाला गेलो. गावापासून थोडंसं पूर्वेला, शेताच्या कडेला काळ्या दगडाची चौकोनी इमारत, वर मोठा घुमट. बाहेरच्या भिंतीत दोन थरांत कोनाडे काढल्यामुळे लांबून दुमजली वाटते, आत गेलं की सगळा एकच उंच अंधार. आत्याने सहज हाक मारून बघितली आणि घुमटाने ती बराच वेळ परत केली. लोक याला हबशी घुमटही म्हणतात. निजामशाहीचा मूळपुरुष मलिक अहमद याने 1490 मध्ये बहामनींपासून वेगळं व्हायचं ठरवलं ते इथेच, जुन्नरात. अहमदनगर त्यानंतर वसलं. पुढे मलिक अंबराने निजामशाही पुन्हा उभी केली तेव्हाही काही काळ राजधानी इथे होती.

त्याही आधी, बहामनी अंमलात, अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी जुन्नरात येऊन राहिला होता. चौलला उतरून घाट चढून आला, सोबत विकायला आणलेला एक घोडा. त्याच्या हिशेबाने त्या घोड्यापायी शंभर रूबल खर्च झाले होते. जुन्नरच्या असद खानाने घोडा काढून घेतला आणि अट घातली की मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणीही देतो. चार दिवसांची मुदत. खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मधे पडून सोडवणूक केली, घोडाही परत मिळवून दिला. या माणसाने जुन्नरच्या पावसाळ्याबद्दलही लिहून ठेवलंय: चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. बाईंनी हे ऐकून मान डोलावली. ‘त्यात काही बदल नाही.’

रात्री मासवडी. हा जुन्नर-ओतूर-आळेफाटा पट्ट्याचा पदार्थ, आणि बाईंच्या हातची खाल्ल्यावर हॉटेलातली मागवण्यात अर्थ नाही. तीळ, सुकं खोबरं, खसखस भाजून, लसणासकट कुटून, तळलेला कांदा आणि कोथिंबीर घालून सारण. दुसरीकडे फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरून घट्ट घोटायचं. ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, सारण पसरायचं आणि फडक्यानेच गुंडाळी करत कडा दाबायच्या. इथे वेळ गेला की बेसन आळतं आणि वडी फाटते. मी एक वळून पाहिली, बाईंनी ती न बोलता स्वतःच्या ताटात वाढून घेतली. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा वडीवर ओतायचा नाही, वडी रश्शात बुडवायची, असा इथला दंडक आहे.

सोमवार

सकाळी लेण्याद्री. गावापासून पाचेक किलोमीटर, कुकडीच्या पलीकडे. सुमारे तीनशे पायऱ्या. डोलीवाले आत्याच्या मागे लागले. ‘मी एस.टी. स्टँडवर उभी राहून कल्याणहून आले आहे,’ असं त्यांना ऐकवून ती हळूहळू पण न थांबता चढली. वाटेत माकडं. प्रसादाची पिशवी पोटाशी धरा असं सगळे सांगतात, तरी एकाची पिशवी गेलीच.

अष्टविनायकातला गिरिजात्मज इथे आहे, आणि तो बौद्ध विहारात आहे. सातव्या लेण्याचा हा प्रशस्त मंडप, त्यात एकही खांब नाही. भिंतीला भिक्षूंच्या खोल्या. मागच्या दोन खोल्या एक करून गणपती बसला. येणारे पाया पडतात, फोटो काढतात आणि उतरतात. शेजारचं सहावं लेणं, म्हणजे चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन), पाच-सात जणच बघतात, आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या डोंगरातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच. स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांवर हत्ती आणि सिंह. ब्राह्मीतला एक लेख आहे: कल्याणच्या सोनाराचा मुलगा सुलसदत्त, त्याने हे चैत्यगृह दान दिलं. आमच्या कल्याणचा माणूस! आत्या तिथल्या तिथे म्हणाली, ‘बघ, तेव्हाही आपले लोक जुन्नरात येऊन पैसे खर्च करून जायचे.’ काखेतल्या पिशवीत कालची परडी होतीच.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. इतकी लेणी एका गावाला कशी, तर पैसा होता म्हणून. आणि तो पैसा राजाचा कमी, पेठेचा जास्त. एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचं कोरलंय. दुसऱ्या एका लेखात ठेवी आहेत: अमुक रक्कम बुरुडांच्या श्रेणीकडे ठेवली, अमुक कासारांच्या श्रेणीकडे, त्याच्या व्याजातून संघाची सोय व्हावी. बुरुडांची श्रेणी लोकांच्या ठेवी सांभाळत होती! बँक म्हणून बुरुडांवर भरवसा ठेवावा इतकी त्यांची पत. काल वीस रुपयांसाठी घासाघीस करताना हे माहीत असतं, तर निदान मी तरी गप्प बसले असते. आत्या बसली नसती. ईरिल, चिट, चंद अशी यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावंही या डोंगरांत आहेत. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा शेहेचाळीसाव्या वर्षाचा लेख मानमोडीला आहे. मानमोडीवर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे तिकडे आम्ही गेलो नाही.

तुळजालेण्याला धावती भेट दिली. तिथलं गोल चैत्यगृह आणि त्याभोवतीचे बारा खांब फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात. फक्त त्यासाठी वाट वाकडी करावी.

दुपारी आत्या आणि बाई झोपल्या, मी शिवनेरीवर गेले. या गडाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपते. सात दरवाजे, शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, शिवकुंज, आणि 19 फेब्रुवारी 1630 ची ती खोली. शिवजयंती तोंडावर आली होती, त्यामुळे रंगरंगोटी आणि मांडवाची लगबग चालू होती. मी जास्त वेळ उभी राहिले ती कडेलोटाच्या टोकाला. तिथून गाव पायाशी दिसतं आणि गड इथेच का बांधला हे कळतं. नाणेघाटावर जीवधन, पुढे चावंड, हडसर आणि शेवटी शिवनेरी. ही साखळी म्हणजे त्या काळचा रस्त्याचा बंदोबस्त. घाटातून येणारा बैल न् बैल कोणाच्या ना कोणाच्या नजरेखालून पेठेत जायचा.

आणि त्या पेठेची श्रीमंती शिवाजी महाराजांना पुरती ठाऊक होती. 1657 मध्ये रात्री दोराच्या शिड्या लावून त्यांची माणसं जुन्नरच्या तटावरून आत उतरली, तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन गेली. गाव तेव्हा मोगलांचं. ज्या गडावर जन्म झाला त्याच्या पायथ्याची पेठ त्यांनी लुटली, पण गड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. 1675 मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर इथल्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून आला होता. जनानखान्यातल्या बाईची नाडी बघायला पडद्याआडून जो हात पुढे आला तो आधी एका धडधाकट दासीचा होता, वैद्य खरा की भोंदू हे तपासायला. फ्रायरने नाडी पाहून ही बाई ठणठणीत आहे असं सांगितलं, आणि मग खरा हात पुढे आला.

मंगळवार

आत्याचा मुक्काम वाढला. बाईंनी आणखी आठवडाभर ठेवून घेतलं. पुढच्या रविवारी दीडशेचं सूप घेऊन दाखवायचं होतं बहुतेक. मला रजा नव्हती, पण परतीची वाट मी आधीच ठरवली होती: नाणेघाटाने पायी खाली. कल्याणचाच एक ओळखीचा गट पहाटे खालून चढून येणार होता, त्यांच्याबरोबर उतरायचं.

जुन्नरहून घाटघरकडे जाणारी जीप आपटाळ्यात भरते आणि चावंडला रिकामी होते. चावंडपासून आत पूर गावी कुकडेश्वराला थोडा वेळ थांबलो. कुकडीचा उगम इथे मानतात. मंदिराचं शिखर गेलंय, पण भिंतींवरचं कोरीव काम अजून हात लावून बघावं असं. पूरपासून पुढे शेतं लहान होत जातात, भाताच्या खाचरांचे रिकामे तुकडे, कारवीचं रान. घाटघरला पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो त्याने गावाची घरं ठेंगणी ठेवलीत.

नाणेघाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकायचे असं सगळे सांगतात. शेजारी शाळेची सहल आली होती, मास्तर म्हणत होते, ‘हा जगातला पहिला टोलनाका.’ एका पोराने लगेच विचारलं, ‘सर, फास्टॅग नव्हता का?’ मास्तरही हसले.

खिंडीतून थोडं उतरलं की डाव्या हाताला लेणं. आतल्या भिंतींवर नागनिका राणीचा मोठा लेख. सातकर्णीची राणी, नवरा गेल्यावर मुलाच्या नावाने राज्य सांभाळलेली. अश्वमेध, राजसूय, वाजपेय असे यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणा. गायी किती, हत्ती किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती, सगळं आकड्यांत. एका ठिकाणी 24,400 असा आकडा येतो. ब्राह्मी अंकांचा इतका जुना आणि इतका भरगच्च नमुना दुर्मीळ, म्हणून गणिताच्या इतिहासातही हा लेख महत्त्वाचा. मला गंमत वाटली ती जागेची. यज्ञांचा हा हिशेब तिने राजधानीत नाही कोरला, घाटात कोरला, जिथून व्यापारी जाणार, दम खायला बसणार आणि वर बघणार. जाहिरातीची जागा तिला बरोबर कळली होती. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि कुमार यांचे पुतळे होते. आता वर नावं आहेत आणि खाली कुठेकुठे पावलं, मधलं सगळं गेलंय.

गट वेळेवर भेटला. उतरायला लागलो. वरचा टप्पा फरसबंद, दगडांच्या कडा पायांनी आणि खुरांनी झिजून गुळगुळीत, त्यामुळे उन्हाळ्यातही घसरायला होतं. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी. फ्रायर जुन्नरहून परतताना याच घाटाने उतरला. जाताना त्याला भलत्याच अवघड वाटेने नेलं होतं, म्हणून ही सोपी वाट बघून तो खूश झाला. वाटेत त्याला मीठ लादून वर चढणारा बैलांचा तांडा आडवा आला, तेव्हा त्याला अंग चोरून थांबावं लागलं. आम्हाला आडवे आले ते कॉलेजचे पंधरा-वीस जण, मोठ्या आवाजात गाणी लावून. आम्हीही अंग चोरून थांबलो.

खाली रान संपतं आणि एकदम डांबरी रस्ता. तोवर गुडघे बोलायला लागले होते. वैशाखऱ्याच्या जवळ झाडाखाली अर्धा तास बसल्यावर कल्याण गाडी आली, उभ्याने जागा मिळाली. मुरबाडला भाजीच्या पाट्या घेऊन दोन बायका चढल्या. वाल, मुळे, मेथीच्या जुड्या. कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट मागितलं. ‘पाटी मांडीवर घेते, मग कशाचं तिकीट?’ एकीने पाटी खरोखर मांडीवर घेतली, त्यामुळे ती कुणाला दिसेनाशी झाली. दुसरीने विचारलं की या साहेबांच्या बॅगेचं तिकीट घेतलं का, आणि तो साहेब मोबाइलमध्ये आणखी खोल गेला. शहाडपर्यंत हा वाद चालू होता. शेवटी कंडक्टरने एका पाटीचं तिकीट फाडलं, एका पाटीकडे काणाडोळा केला, आणि मेथीची एक जुडी रोख पैसे मोजून विकत घेतली.